मिशी, मास्क आणि तवंदी घाट

प्रश्न : ताई, आमचे मालक ५४ वर्षांचे. तंबाखूच्या वखारीत काट्यावर बसल्या बसल्या डुलक्या घेतात. गेल्या महिन्यात तवंदी घाटात गाडीवर डोळा लागला, थोडक्यात वाचले. बेळगावात रात्रभर झोपवून तपासणी केली, तर तासाला ४२ वेळा श्वास अडतो असं निघालं. झोपताना मास्कमधून नाकात हवा सोडणारं सीपॅप मशीन घेतलं, दाब ९ लावून दिला. आठ रात्री कसंबसं लावलं. वारं डोळ्यांत येतं, तोंड कोरडं पडतं, म्हणून नवव्या रात्री कपाटावर टाकलं. ‘कोरोनात मशीन लागलेली माणसं घरी आली नाहीत’ म्हणतात. सासूबाई म्हणतात, घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. काय करू?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : वहिनी, मालकांची भीती आधी काढू. कोरोनात बघितलं ते मशीन वेगळं, हे वेगळं. हे त्यांच्यासाठी श्वास घेत नाही आणि ह्यात वेगळा ऑक्सिजनही नसतो. खोलीतलीच हवा थोड्या जोरानं नाकात सोडतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते, ती ह्या हवेनं उघडी राहते. दाब ९ म्हणजे ९ सेंटीमीटर पाण्याचा. तांब्यात ९ सेंटीमीटर खोल नळी बुडवून फुंकायला सांगा. बुडबुडे यायला जेवढा जोर लागला, तेवढाच. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय मांडला, त्याआधी अशा रोग्यांच्या गळ्याला भोक पाडावं लागायचं. हे मालकांना जरूर ऐकवा.

सासूबाईंना हिशेब सांगा. एकेक अडथळा निदान १० सेकंदांचा. तासाला ४२, म्हणजे सहा तासांत अडीचशे वेळा शरीर दचकून वर येतं, माणसाला पत्ताही नसतो. तासाला ३० च्या वर गेलं की आम्ही त्याला तीव्र म्हणतो. अशी झोप गाढ कसली? तिचीच उधारी घाटात वसूल होत होती. मशीन नीट लागून दिवसाची झापड जाईपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा. रागावले तर रागावू देत.

आता मास्क. बेळगावच्या झोप-तपासणीच्या खोलीत मी बारा वर्षं माणसांना मास्क बांधतेय. मशीन कपाटावर जातं ते बहुतेक वेळा मास्कपायी, हट्टापायी नाही. वारं डोळ्यांत येतंय म्हणजे नाकाच्या वरच्या हाडाशी फट आहे. सगळेजण मग पट्टे आवळतात. आवळल्यावर रबराची गादी चेपते, गळती वाढते आणि सकाळी नाकावर लाल वळ. उलटं करा. पट्टे सैल सोडा, मालकांना उशीवर आडवं करा, मशीन चालू करा, मास्क जरा पुढं ओढून पुन्हा बसू द्या, मग वारं थांबेल इतकेच पट्टे ओढा. बसलेल्या माणसाचं तोंड आणि झोपलेल्याचं तोंड एक नसतं, गाल घसरतात. दुकानात खुर्चीवर बसवून बांधलेला मास्क म्हणून रात्री फसतो.

आणि एक विचारू? मालकांना मिशी आहे का? निपाणीकडची म्हणून विचारते. झुपकेदार मिशीवर मास्कची कड बसत नाही. मिशी काढा असं मी कुणाला सांगत नाही, एकदा सांगून बघितलंय. नाकपुडीशी टेकणाऱ्या दोन छोट्या गाद्यांचा मास्क मिळतो, तो मागा.

तोंड कोरडं पडतंय म्हणजे झोपेत तोंड उघडतंय आणि हवा तिकडून निसटतेय. नाक चोंदतं का ते बघा. तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्याचं चोंदलेलं असणारच. झोपायच्या आधी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात घाला, तरी भागलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाक मोकळं असूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा, नाहीतर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. हवेला ओलावा द्यायला मशीनला पाण्याची डबी असते, तिच्यात मेडिकलमधलं डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं घातलंत तर पांढरी खपली धरते.

पहिला आठवडा संध्याकाळी टीव्हीपुढं जागेपणी अर्धा तास मास्क लावून बसू द्या. रात्री ‘रॅम्प’ चालू ठेवा, म्हणजे दाब हळूहळू चढतो. आवाजाचं म्हणाल तर आमच्या वडगावात यंत्रमागाच्या खडखडाटात झोपलेल्या माणसांनी ह्याच्या आवाजाची तक्रार केलेली मी ऐकली नाही.

पंधरा दिवसांनी मशीनमधलं कार्ड घेऊन तपासणी केली तिथं जा. किती तास लावलं, गळती किती, श्वास अजून किती वेळा अडतो, सगळं त्यात उमटतं. ‘लावतो की रोज’ म्हणणाऱ्यांचं कार्ड आम्ही हसतच उघडतो. दाब मात्र घरी वाढवू नका. आणि शिकवणारा कानडीत भराभर बोलला तर मालकांना ‘हौदु हौदु’, म्हणजे हो हो, म्हणून मान डोलवू देऊ नका, मराठीत पुन्हा सांगा म्हणा. काही मशीनं त्या हौदुपायीही कपाटावर गेलीत.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे रात्र रात्र लाईट नसते. मास्क लावलेला असताना लाईट गेली तर वडील गुदमरतील का?
— एक वाचक, जांबोटी

उत्तर : नाही. मास्कला हवा बाहेर जायची भोकं असतात, नाक-तोंड झाकणाऱ्याला वेगळी झडपही असते. वारं थांबलं की बहुतेक माणसं जागी होऊन मास्क काढतात. इन्व्हर्टरवर मशीन चालतं, पण पाणी तापवणारा भाग सगळ्यात जास्त वीज खातो, तो बंद ठेवा. जांबोटीच्या पावसाळी हवेत वेगळा ओलावा कशाला हवा? अगदीच लाईट नसेल त्या रात्री वडिलांना कुशीवर झोपवा आणि दारू घेत असतील तर त्या रात्री अजिबात नको, तिनं घसा आणखी सैल पडतो. त्यांचं मशीन बायपॅप असेल, म्हणजे श्वास घेताना एक दाब आणि सोडताना कमी, तर मात्र एक रात्रही अंदाजावर काढू नका. जादा बॅटरीचं डॉक्टरांना आधी विचारा. पाण्याची डबी रोज सकाळी रिकामी करून पालथी घाला, तुमच्याकडच्या दमटपणात दोन दिवसांत बुरशी धरते.