गुळाचा चहा चालते का? शुगरबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं शुगरचीच आलीत, म्हणून बाकी विषय पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : ताई नमस्कार, माह्या बाबाले दोन वर्षांपासून शुगर हाय, वय ५८, शेतीच करतात. गोळी फक्त मेटफॉर्मिनची चालू हाय. साखर बंद केली, भात बंद केला, चहात गूळ टाकतो, दोन्ही टाइम दोन-दोन ज्वारीच्या भाकरी खातात तरी जेवणानंतरची शुगर २३० च्या खाली येऊन नाही राहिली. सकाळची उपाशीपोटी १३५-१४० राहते. आता काय खावाचं मंग माणसानं? (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : भाकरीनं वाढते, दादा. ज्वारी असो, बाजरी असो की गव्हाची पोळी, पिठात कार्ब्स असतात आणि पोटात गेल्यावर त्याचं शेवटी ग्लुकोजच होतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम कार्ब्स आहेत म्हणजे गव्हापेक्षा काही फार कमी नाही. ज्वारी शुगरवाल्यांना चालते हे खरंच आहे, पण "कितीही चालते" हे आपलं आपणच मागून जोडून घेतलं. आणि आपल्याकडची भाकर म्हणजे काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. दवाखान्यातून जो छापील डाएट चार्ट मिळतो त्यात बरेचदा १ भाकरी म्हणजे २५-३० ग्रॅम पिठाची धरलेली असते, आणि घरी आई हातावर थापते ती ८०-९० ग्रॅमची सहज भरते, म्हणजे बाबा दोन खातात असं तुम्ही म्हणता तेव्हा चार्टाच्या हिशेबानं सहा झाल्या की हो! एकदा एका भाकरीचं पीठ किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून बघा.

आता एकदम अर्धी भाकर देऊन शेतावर पाठवू नका, माणूस अकरा वाजता भुकेनं हॉटेलात जाऊन आलुबोंडा खाईल. भाकर कमी करायची तर ताटात दुसरं काहीतरी आलं पाहिजे. दोनाची दीड करा, मग एक करा, आणि सोबत वरण घट्ट करा. पातळ पाण्यासारखं वरण आणि ठेचा एवढ्यावर जेवण झालं तर त्यात प्रोटीन येणार कुठून? मटकी-बरबटीची उसळ, अंडी, वाटीभर दही नाहीतर ताक, यातलं एक तरी रोज दोन्ही टाइम असू द्या. भाजी डबल घ्या, अंबाडी, पावसाळ्यात तरोटा, चवळीच्या शेंगा, वांगं, जे वावरात निघतं ते. तर्री मात्र वर तरंगेल इतकी नको (इथं माझं कोणी ऐकत नाही हे मला माहीत आहे). जवसाची चटणी चांगली आहे, पण तिच्यानं शुगर उतरते म्हणून वरून आणखी एक भाकर खायची नाही. अजून एक सोपी गोष्ट, आधी भाजी-वरण अर्धंअधिक संपवायचं आणि भाकर शेवटी घ्यायची. तेच अन्न, फक्त क्रम बदलला तरी जेवणानंतरची शुगर कमी चढते, यावर अभ्यास झालेले आहेत. आणि जेवल्याबरोबर बाजेवर आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं गावात एक चक्कर मारायची.

गुळाचं म्हणाल तर रक्ताला गूळ आणि साखर यात काही फरक कळत नाही. चमचा तेवढाच, शुगर जवळपास तेवढीच. मधाचंही तेच. तीन-चार कप गुळाचा चहा होत असेल तर तिथंच मोठी गळती आहे, बिनसाखरेचा चहा आठ-दहा दिवस कडू लागतो मग सवय होते.

आता घरच्या शुगर तपासायच्या मशीनकडे येऊ. बरेच जण रोज सकाळची एक शुगर बघतात आणि ती पाहून दिवसभर टेन्शन घेतात. त्या एका आकड्यावरून ताटातलं नेमकं काय नडतंय ते कळत नाही. शुगर जोडीनं बघा. जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, जेवण संपल्यापासून नाही. वहीत दोन्ही आकडे आणि मध्ये काय खाल्लं ते लिहा, भाकरी किती, भाजी कोणती. दुसऱ्या दिवशी तीच भाजी आणि एकच भाकर. समजा पहिल्या दिवशी १३५ ची २३० झाली आणि दुसऱ्या दिवशी १३० ची १७५ झाली तर माझ्या सांगण्याची गरजच नाही, बाबा स्वतःच बोलतील. बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे टार्गेट धरतात, वय जास्त असेल तर डॉक्टर थोडं सैल करतात. स्ट्रिप महाग पडतात म्हणून रोज करू नका, महिन्यातला एक आठवडा असा जोडीनं करा आणि ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. एवढं करूनही २००-२३० च राहिली तर गोळी वाढवावी लागेल, त्यात बाबांचा काही दोष नाही आणि ते टाळत बसायचं पण नाही.

तपासण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. संत्रा सोलला किंवा गूळ फोडला आणि तसंच बोट टोचलं तर मशीन भलताच मोठा आकडा दाखवते. सॅनिटायझर चोळून हे जात नाही, पाणीच लागतं.

प्रश्न : माझी उपाशीपोटी शुगर दोन वेळा १५८ आणि १६४ आली, पण तीन महिन्यांची एचबीए१सी टेस्ट ५.४ आली. लॅबवाले म्हणाले काही नाही, नॉर्मल आहे. मला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. कोणतं खरं मानायचं? (एक वाचक भगिनी, आरमोरी)

उत्तर : उपाशीपोटीचं खरं माना. बरं झालं सिकलसेलचं लिहिलंत, नाहीतर मीही गोंधळले असते. एचबीए१सी ही टेस्ट लाल पेशींना किती साखर चिकटली ते मोजते, आणि साधारण माणसाची लाल पेशी १२० दिवस जगते म्हणून ती दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते. एसएस असेल, म्हणजे लाल पेशींचा हा आजार आई-वडील दोघांकडून आलेला असेल, तर पेशी फार लवकर तुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. रक्त चढवलं असेल तरी गडबड होते. एएस वाल्यांना (म्हणजे एकाकडूनच आलेला) बहुतेक नव्या मशीनवर टेस्ट चालते, पण लॅबला आधी सांगून ठेवायचं. आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा पट्ट्यात सिकलसेल इतका आहे की नुसत्या एचबीए१सीवर कोणाला "शुगर नाही" म्हणून सोडणं मला तरी पटत नाही. लॅबमध्ये नसेतून काढलेल्या रक्ताची उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त दोनदा आली तर तो डायबेटिस धरतात. तुमचे दोन्ही आकडे लॅबचे असतील तर लगेच डॉक्टरकडे जा, आणि घरच्या मशीनचे असतील तर आधी लॅबमधून करून घ्या. पुढच्या तपासणीसाठी फ्रुक्टोसामिन नावाची, लाल पेशींवर अवलंबून नसलेली टेस्ट असते, मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये होते, तिच्याबद्दल विचारा. तोवर भात वाटीनं मोजून घ्या, शिजलेल्या १५० ग्रॅम भातात ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात, आणि तुमच्याकडे तलावाची मासोळी मिळते ती तळून न खाता रश्श्यात खा.

प्रश्न : घरच्या मशीनवर १६८ आली आणि तेव्हाच लॅबमध्ये १५४. मशीन खराब आहे का? (मूर्तिजापूर)

उत्तर : नाही. घरच्या मशीनला १५ टक्के इकडेतिकडे चालतं, तुमचा फरक त्याच्या आतच आहे. उन्हाळ्यात मात्र स्ट्रिपची डबी टिनाच्या घरात किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. बहुतेक स्ट्रिप ३० डिग्रीपर्यंतच सांगितलेल्या असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ होते. घरातल्या थंड कोपऱ्यात, झाकण घट्ट लावून, फ्रिजमध्ये नको.

प्रश्न : माझी आई ६२ वर्षांची आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. कार्तिकी एकादशीला उपवास करून कापूस वेचायला गेली आणि वावरातच घाम फुटून थरथरायला लागली. उपवासाच्या दिवशी गोळी द्यायची की नाही? (हिंगणघाट)

उत्तर : ही शुगर उतरल्याची लक्षणं आहेत आणि हे शुगर वाढण्यापेक्षा जास्त घाईचं काम आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून खाणं नाही आणि वरून मेहनत, तर शुगर ७० च्या खाली जायला वेळ लागत नाही. असं झालं की तीन चमचे साखर पाण्यात घोळून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर परत तेवढीच, आणि मग काहीतरी खायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच टाकायचं नाही, सरळ दवाखाना. वावरात जाताना साखरेची पुडी पदराच्या गाठीत असू द्या आणि सोबतच्या बायांना सांगून ठेवा.

उपवास करायचाच असेल तर त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही हे आधी डॉक्टरला विचारा, मनानं बंद करू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, आधी भर्रकन शुगर चढवतो, त्यापेक्षा थोडी भगर, दही, शेंगदाणे बरे. आणि उपवासाच्या दिवशी वेचणीला जाऊ नका म्हणावं, तो कापूस दुसऱ्या दिवशी वेचला तरी चालते.