१९९१ च्या टोयोटा ४x४ पिकअपचं २२आरई (२.४ लिटर, चार सिलिंडरचं) इंजिन गेलंय. रॉक क्रॉलिंगसाठी (खडकांवरून सावकाश गाडी चढवण्यासाठी) कोणतं बसवू?

रिबिल्ड केलेलं २२आरईच पुन्हा बसवा आणि वाचलेल्या पैशांत दुसरा ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा, लो गिअर असलेला डबा) जोडा. खडकावर हॉर्सपॉवरपेक्षा गिअरिंग कामाला येतं: या गाडीच्या ट्रान्सफर केसचा लो रेशो २.२८ (म्हणजे वेग तितक्या पट कमी, जोर तितक्या पट जास्त), दोन जोडले की गुणाकार होऊन साधारण ५.२, म्हणजे आयडलवरच, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, गाडी रांगत चढते. फ्युएल इंजेक्शनमुळे तिरकी झाली तरी कार्ब्युरेटरवाल्या इंजिनासारखी गुदमरत नाही, हा वरचा फायदा. मात्र ३७ इंची टायर लावून हायवेनेच ट्रेलपर्यंत जाणार असाल, तर चढावर हे इंजिन जीव काढेल. तेव्हा टोयोटाचंच ३.४ लिटर व्ही६ घ्या, वायरिंग आणि ईसीयूसकट (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसकट). कॅलिफोर्नियात असाल तर इंजिन गाडीच्या मॉडेल-वर्षाचं किंवा त्यानंतरचंच चालतं.