टोस्टर घेताय? आधी खटका बघा

दुकानात खटका चार-पाचदा खालीवर करून बघा. डगमगला तर दुसरा मागा. वीज नसताना तो खाली टिकत नाही म्हणून घाबरू नका, बहुतेक टोस्टरमध्ये त्याला विद्युतचुंबक धरून ठेवतो. घरच्यासाठी दोन फटींचा, ७५०-८०० वॉटचा साधा पुरे. डिजिटल आकडे, दिवे हवेत कशाला? जितकं जास्त, तितकं बिघडायला. चुऱ्याचा ट्रे मात्र निघणारा हवाच, आणि तो आठवड्याला झटका. साचलेला चुरा पेटूही शकतो.

अडकलेला ब्रेड सुरीने उकरू नका. आत अभ्रकाच्या पत्र्यांवर नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) बारीक, तापणारी तार गुंडाळलेली असते, ती तुटली की संपलं. माझा पहिला असाच गेला. प्लग काढा, थंड होऊ द्या, मग लाकडी चिमटा. लादीपाव? तो तव्यावरच, लोणी लावून.