शेजाऱ्याच्या मदतीचे पैसे : वाचकांचे प्रश्न आणि वकीलकाकांची उत्तरं

यावेळी पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज मिळून जे काही आलंय त्यात निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे. शेजारी मदत करतो त्याचे पैसे द्यायचे का, आणि आपण केली तर मागायचे का. तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात काढल्यावर एक सांगतो, बांधावरून जी भांडणं माझ्याकडे आली त्यातली बरीच बांधाची नव्हतीच, दहा वर्षांपूर्वी कोणीतरी कोणाचंतरी काम फुकट केलेलं असतं आणि ते आत कुठेतरी सलत राहिलेलं असतं, बांध नुसतं निमित्त.

आणि "पूर्वी कोकणात सगळं फुकट चालायचं" असं म्हणणाऱ्यांनी जरा आठवून बघा. लावणीला सावड असायची, आज माझ्या शेतात तुमच्या घरची चार माणसं आली तर परवा तुमच्या शेतात माझ्या घरची चार. आमच्या वाडीत जोताच्या, म्हणजे नांगराच्या बैलजोडीच्या, एका दिवसाला माणसाचे दोन दिवस धरायचे. माझी आई हा हिशोब पडवीच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारून ठेवायची, आणि कोणाच्या घरची एक रेघ फेडायची राहिली तर पाऊस असो वा ताप असो, इरलं घेऊन जायची. पैसा नव्हता, हिशोब होता.

प्रश्न : आमचं घर देवगड तालुक्यात, आम्ही डोंबिवलीला. बाजूच्या काकींकडे चावी असते. त्या अंगण झाडतात, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावतात, पावसात घर उघडून बघतात, गणपतीआधी सगळं स्वच्छ करून ठेवतात. आम्ही साडी आणि मिठाई नेतो. मिस्टर म्हणतात पैसे दिले तर उद्या घरावर हक्क सांगतील. सासूबाई म्हणतात शेजारी आहेत, करतात. काय करावं?

सासूबाईंचं ते "करतात" मला खटकलं, आधी तेवढं बोलतो. साडी किती वर्षं नेताय? बंद घर म्हणजे काय असतं ते मुंबईत बसून कळत नाही हो. जुलैमध्ये वारा सुटला की एखादं कौल सरकतं, माजघरात धार लागते, मग काकी त्या धारेखाली पातेलं ठेवतात आणि ते भरलं की ओतायला सकाळ-संध्याकाळ येतात, स्वतःच्या घरात तसंच एक पातेलं लावलेलं असताना. वाळवी लागली का बघायचं, गाद्या उन्हात घालायच्या, नारळ पाडणाऱ्याला बोलावून त्याच्यापाशी उभं राहायचं, मीटर रीडिंगवाला आला की दार उघडायचं. तुम्ही वर्षातून दोनदा येता, म्हणजे हे सगळं परत करायची संधीच तुम्हाला मिळत नाही, काकींच्या घरचं पातेलं ओतायला तुम्ही नसता. परत जायची वाट नसलेली मदत घेत राहिलं की ती हळूहळू वेठ होते. वेठ कशाला म्हणतात ते कोकणात कोणाला सांगायला नको, खोताच्या घरी फुकट राबायला जावं लागायचं, ती खोती 1949 च्या कायद्याने संपली. आता ती वेठ चाकरमान्यांच्या बंद घरात परत नको.

आता हक्काची भीती. मिस्टरांनी गणित उलटं मांडलंय. दुसऱ्याचं घर सांभाळणारा माणूस कितीही वर्षं सांभाळो, त्याचा घरावर हक्क तयार होत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि ती केस आपल्या शेजारच्या गोव्यातल्याच घराची होती. कोकणात लोकांच्या डोक्यात जे बसलंय ते कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, ज्या दिवशी कूळ मालक झालं. पण कूळ कायद्याचं कलम 4 वाचा, रोख किंवा वस्तूच्या रूपात मजुरी घेणारा नोकर कूळ धरला जात नाही, पिकाचा वाटा घेणारा मात्र कूळ ठरू शकतो. म्हणजे काकींना तुम्ही पैसे दिलेत तर तो तुमच्याच बाजूचा पुरावा. घोळ होतो तो पैसे वाचवायला आपण म्हणतो ना "मागच्या जमिनीत तुम्ही काय ते लावा, आम्हाला थोडं द्या", तिथे. मग कोणीतरी नाचणी पेरतो, सातबाऱ्यावरच्या पीक पाहणीत त्याचं नाव लागतं आणि माझ्यासारख्याचं दुकान चालतं. वर्षातून एकदा सातबारा काढून बघत जा, डिजिटल सहीचा 15 रुपयांना मिळतो, तेवढ्यात मुंबईत कटिंग चहा येतो.

कसे द्यायचे म्हणाल तर पगार हा शब्द काढू नका. तुमच्या गावात बाईमाणसाच्या मजुरीचा आज जो दर असेल तो विचारा, वर्षाचे वीस-पंचवीस दिवस धरा, ती रक्कम गणपतीत पडवीत बसून काकींच्या हातात द्या किंवा त्यांच्या खात्यात टाका आणि खाली "घराची देखभाल" लिहा. पहिल्या वेळी त्या नको म्हणतील, दुसऱ्यांदा पण म्हणतील. तिसऱ्यांदा विचारा. दिव्याचे मात्र पैसे लावू नका, तो त्या तुमच्यासाठी लावत नाहीत. आणि साडी न्यायचीच, पैसे दिले म्हणून साडी बंद केलीत तर काकींपेक्षा मलाच जास्त राग येईल.

प्रश्न : मी कुडाळजवळ राहते. फणसाचे पापड, आमसुलं, कुळथाचं पीठ असं ऑनलाइन विकायला लागले, यंदा ऑर्डरी खूप आल्या. वाडीतल्या बायका नेहमीसारख्या दुपारी पापड लाटायला येतात, गजाली होतात, चहा होतो. परवा एकीने हसत हसत विचारलं, "गो, आमका काय?" मी पण हसले. पण तेव्हापासून झोप नाही.

झोप लागायला नकोच. ती हसली कारण सरळ विचारायची लाज वाटली, तू हसलीस कारण उत्तर नव्हतं.

पापड घरासाठी होते तोवर तुझ्याकडे आज तर तिच्याकडे उद्या, सावडच ती. पण आता तिच्या हाताला लागलेला फणसाचा चीक, जो खोबरेल तेल चोळूनसुद्धा संध्याकाळपर्यंत जात नाही, तो पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी लागतोय आणि पैसे तुझ्या खात्यात येतायत. रापण, किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, कधी ओढताना बघितलीस ना? मालक असतो, खलाशी असतात, त्यांचे वाटे ठरलेले असतात, आणि आयत्या वेळी दोरीला हात लावणाऱ्या पोरालाही ओंजळभर मासळी मिळते. तो काय रापणीचा भागीदार नसतो, पण रिकाम्या हाताने घरी जात नाही.

शंभर पापडांमागे दर ठरव. वही घाल, जिने जितके लाटले तिच्या नावापुढे तितके, शनिवारी पैसे. आणि हे सगळ्यांसमोर एकदाच सांग, एकीला गुपचूप देऊ नकोस, वाडीत गुपचूप असं काही नसतं. मागच्या दोन महिन्यांचंही दे, अंदाजाने का होईना. आता तू म्हणशील मला परवडत नाही. मग पापडाची किंमत वाढव, शेजारणींच्या दुपारवर डिस्काउंट देऊ नकोस. चहा तसाच राहू दे.

प्रश्न : आमच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं, बाजूची तीन घरं आमच्या पंपावरून पाइप लावून नेतात. घरटी महिन्याला 500 मागितले तर गावात नाव खराब होईल का? – गुहागर तालुका

होईल, आणि हिशोबाने बघितलं तर थोडं बरोबरच होईल. 1 एचपीचा पंप म्हणजे 746 वॅट, तासाला साधारण पाऊण युनिट, जुना पंप असेल तर एक धरा. प्रत्येक घर रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला पंधरा तास, पंधरा युनिट. 10 रुपये युनिट धरलं तरी दीडशे. वरचे साडेतीनशे पाण्याचे झाले. आणि पाणी काय तुम्ही बनवलेलं नाही, तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आपल्याकडे आणि जांभ्यातून झिरपून समुद्राला जातो, तुमच्या जागेत थोडा अडकला एवढंच. सबमीटर बसवा, युनिटमागे जे होईल ते घ्या, पंप जळला तर चौघात. गाळ काढायच्या दिवशी चारही घरातली माणसं आली पाहिजेत हे आत्ताच बोलून ठेवा. कनेक्शन शेतीचं असेल तर एक रुपया घेऊ नका, ती वीज शेतीसाठी दिलेली आहे, उद्या कोणीतरी तक्रार करेल आणि तो बहुतेक पाणी नेणाऱ्यातलाच असेल.

प्रश्न : पावसात आमच्या पडवीवर आंब्याची मोठी फांदी पडली. शेजाऱ्याचा मुलगा चेनसॉ घेऊन आला, दोन तासात सगळं मोकळं केलं. आठ दिवसांनी 3000 मागतोय. मी बोलावलं नव्हतं. देणं लागतो का? – दापोली

बोलावलं नव्हतं हे इथे पुरत नाही. 1872 चा करार कायदा आहे, त्याच्या कलम 70 मध्ये असं की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं, ते फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. म्हणजे प्रश्न तीन. मुलगा एरवी चेनसॉची कामं पैसे घेऊन करतो का? तुम्ही "राहू दे, मी बघतो" म्हणालात का? की छत्री धरून बाजूला उभे राहून "ती पण काप" म्हणत होतात? तिसरं झालं असेल तर वाद घालू नका.

निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं तेव्हा तुमच्याच तालुक्यात माझी बहीण होती. पुढचे कित्येक दिवस लाइट नाही, फोन नाही, रस्त्यावर झाडंच झाडं. वाडीतल्या पोरांनी कोयत्या-कुऱ्हाडींनी मुख्य रस्त्यापर्यंतची वाट मोकळी केली, कोणी कोणाकडे दमडी मागितली नाही. पण नंतर घरोघरच्या छपरांवरची झाडं काढली त्याचे पैसे घेतले, आणि बहिणीने न कुरकुरता दिले. वाट सगळ्यांची, छप्पर तुझं, असं तिने मला समजावलं, वकील मी असून.

मात्र त्या पोराचंही चुकलंच. झाड छपरावर असताना दर सांगत बसू नये हे कबूल, पण दुसऱ्या दिवशी सांगायचं, आठ दिवस तुम्हाला मोठेपणाने आभार मानू द्यायचे आणि मग बिल काढायचं हे बरं नाही. लाकूड कुठे गेलं ते विचारा. त्याने नेलं असेल तर त्याची किंमत वजा करा, तुमच्याकडे असेल तर गावात चेनसॉवाला दिवसाचे काय घेतो त्याच्या अर्ध्यात मिटवा, पेट्रोल-ऑइल वेगळं.

प्रश्न : वाडीत गाडी माझी एकट्याची. रात्री कोणाच्या छातीत दुखलं की माझं दार वाजतं, रत्नागिरी साठेक किलोमीटर. आजवर कोणी पेट्रोल विचारलं नाही. मागावं का? भाडं ठरवावं का? – राजापूर तालुका

भाडं अजिबात ठरवू नका. माणुसकी वगैरे नंतर, आधी इन्शुरन्स बघा. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्याने चालवली आणि घाटात काही झालं तर कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते, आणि हात वर करते.

पेट्रोल मात्र घ्या, त्यात लाज कसली. जाऊन-येऊन 120 किलोमीटर, लिटरला 15 धरलं तरी आठ लिटर. ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला रात्री दोन वाजता हे सुचत नाही, सकाळी चहा पिताना सुचायला पाहिजे, नाही सुचलं तर परत येताना पंपावर गाडी थांबवा आणि नुसते गप्प बसा. पुढच्या गावकीच्या बैठकीत एक डबा काढा, घरटी महिन्याला थोडेसे पैसे, त्यातून रात्रीच्या फेरीचं पेट्रोल. म्हणजे तुम्हाला मागावं लागत नाही आणि गरिबाच्या घरच्यांना दार वाजवताना दोनदा विचार करावा लागत नाही, हा दुसरा फायदा मोठा. आणि 108 आधी लावायची सवय लावा लोकांना, ती ॲम्ब्युलन्स फुकट आहे, आत ऑक्सिजन आहे, तुमच्या गाडीत नाही.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात शेजाऱ्याने अकरा फेऱ्या मारल्या. पेट्रोल घेतलं, बाकी काही घेतलं नाही. पुढे त्याच्या भावकीतल्या वाटपाची केस सहा वर्षं चालली, मी फी लावली नाही, त्यानेही विचारली नाही. तारखेला येताना पिशवीत बांगडे आणायचा. आईच्या भिंतीवरच्या रेघाच त्या.

प्रश्न : शेजारून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही असं आई म्हणते. हल्ली कोणी पाळत नाही. पाळावं का? – वेंगुर्ला

पाळा. काहीच नसेल तर चार आमसुलं टाका. पण काय भरून द्यावं या विचारात डबा महिनोन्महिने ठेवून घेऊ नका. माझे स्टीलचे दोन डबे, एकाचं झाकण जरा चेपलेलं, 2019 पासून समोरच्या घरात आहेत, आणि समोरचे हा कॉलम वाचतात.