व्हिएतनाममधल्या हनोईहून 'हा लाँग बे' या उपसागराची एका रात्रीची ग्रुप क्रूझ कशी निवडावी? सोबत साठीपुढचे आईवडील आहेत आणि आम्ही सगळे शाकाहारी आहोत.

बोटीला तारे किती आहेत ते सगळ्यात शेवटी बघा. आधी एकच विचारा: ही बोट रात्री कुठल्या पाण्यात नांगर टाकते?

'हा लाँग क्रूझ' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या सहली विकल्या जातात. पहिली मुख्य हा लाँग बेची. त्यात सुंग सोत गुहा आणि 'ती तॉप' नावाचं बेट असतं, आणि दिवसभराच्या सहलींच्या बोटीही तिथेच येत असल्यामुळे गुहेच्या दारात रांग लागते. दुसरी ईशान्येच्या बाई तू लाँगची. तिथे वर्दळ कमी. तिसरी दक्षिणेची, कात बा बेटाला लागून असलेल्या लान हा बेची. पाण्यातून वर आलेले चुनखडीचे हिरवे सुळके तिन्हीकडे आहेत. १९९४ पासून जागतिक वारसा असलेल्या या क्षेत्रात २०२३ मध्ये कात बाचा परिसरही जोडला गेला. त्यामुळे लान हा म्हणजे दुय्यम, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. आईवडील सोबत असताना मी तर लान हाच सुचवेन.

कारण पायऱ्या. ती तॉपच्या माथ्यावर जायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, मध्ये टेकायला जागा कमी. (हे नाव गेरमान तितोव या सोव्हिएत अंतराळवीरावरून पडलं. १९६२ मध्ये हो ची मिन्ह त्यांना इथे घेऊन आले होते.) सुंग सोतमध्येही चढ-उतार बराच आहे आणि मागून गर्दी ढकलत असल्यामुळे आपल्या चालीने चालता येत नाही. लान हाच्या सहलीत बहुधा कयाक किंवा बांबूची होडी असते. होडी नावाडी वल्हवतो, आईबाबांनी नुसतं बसायचं.

गुडघ्यांची खरी परीक्षा मोठ्या बोटीवरून छोट्या फेरीच्या बोटीत उतरताना होते. दोन्ही बोटी वेगवेगळ्या लयीत हलतात आणि मधली फट कमी-जास्त होत राहते. हातात पिशवी ठेवायची नाही. खलाशाने पुढे केलेल्या हाताची बोटं न धरता मनगट धरायचं. बोटी एका पातळीला आल्या की लगेच पाऊल टाकायचं. फटीवर एक पाय इकडे, एक तिकडे असं थांबायचं नाही. आतले जिनेही अरुंद आणि उभे असतात, म्हणून जेवणाची खोली ज्या डेकवर आहे त्याच डेकवरची केबिन मागा. ती मधली असेल तर उत्तम. मागच्या केबिनला जनरेटरची घरघर रात्रभर ऐकू येते, पुढच्या टोकाला पहाटे नांगराची साखळी खडखडते.

बोट लागेल म्हणून घाबरू नका. बेटांच्या आडोशाने पाणी बहुतेक वेळा तळ्यासारखं असतं. हनोईहून धक्क्यापर्यंतच्या अडीच तासांत व्हॅनमध्येच मळमळण्याची शक्यता जास्त. मोठ्या बॅगा हनोईच्या हॉटेलात ठेवा, एका रात्रीचे कपडे पाठपिशवीत घ्या. मूळ पासपोर्ट आणि ई-व्हिसाची प्रत मात्र जवळच हवी, कारण प्रवाशांची यादी बंदरात द्यावी लागते. बऱ्याच बोटी पांढऱ्या असतात, तेव्हा आपल्या बोटीचं नाव आणि नंबर फोनमध्ये टिपून ठेवा.

'दोन दिवस एक रात्र' म्हणजे प्रत्यक्षात बोटीवर दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत, जेमतेम तेवीस तास. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊलाच केबिन रिकामी करायला लावतात.

जेवणाचा घोळ हमखास होतो. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की मांस काढतात, पण माशांचा सॉस राहतो. त्याला तिथे 'नुओक माम' म्हणतात आणि तो आपल्या मिठासारखा सगळीकडे पडतो. बुकिंगच्या वेळी 'आन चाय' असं लिहून कळवा. बौद्धांच्या शाकाहाराला तिथे हाच शब्द आहे. नुओक माम नको, अंडं नको हे वेगळं लिहा आणि बोटीवर चढल्यावर गाइडला पुन्हा सांगा. मग टोफू, भाज्या, भात, फळं मिळतात. ते पौष्टिक असतं, पण चवीला आपल्या जिभेला अळणी. केबिनमध्ये बहुधा किटली असते, तेव्हा गरम पाण्यात भिजणारा उपमा, लोणच्याची पाकिटं आणि भडंग न्या. पाण्याच्या पहिल्या दोन बाटल्या सोडल्या तर पेयांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात.

कयाकिंगबद्दल एक गोष्ट कोकणातल्या माणसालाही चकवते. तिथे आपल्यासारखी दिवसातून दोनदा भरती येत नाही, बहुतेक दिवस एकदाच येते आणि उधाणाला पाणी तीन मीटरहून जास्त चढतं. पाणी वर असलं की बुटक्या कमानीच्या गुहांत कयाक शिरत नाही. गाइड 'आज गुहा बंद' म्हणाला तर तो टाळत नसतो. जाताना ओढीच्या विरुद्ध वल्हवा, म्हणजे दमल्यावर परत येताना पाणीच आणून सोडतं. रात्री माकूळ (स्क्विड) धरण्याचा कार्यक्रम असतो. दिव्याचा उजेड जिथे संपतो त्या कडेला गळ हलके झटके देत वरखाली करायचा. पौर्णिमेच्या आसपास फारशी आशा ठेवू नका, आणि तुम्ही शाकाहारी म्हणजे नुसती गंमत बघा.

हवामानात मात्र गंमत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगले. डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी, स्वेटर लागतो. मार्चमध्ये धुकं आणि भुरभुर पाऊस. जून ते सप्टेंबर वादळांचे दिवस. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने इथल्या कित्येक बोटी बुडवल्या, आणि जुलै २०२५ मध्ये अचानक आलेल्या वावटळीत दिवसाच्या सहलीची एक बोट उलटून ३० हून अधिक माणसं गेली. बोट उलटते तेव्हा बंद खोलीतली माणसं अडकतात. चढल्याबरोबर केबिनमधली लाइफ जॅकेटं काढून आईबाबांना एकदा घालून बघायला लावा, पट्टे त्यांच्या मापाचे करून ठेवा. आभाळ काळवंडून वारा सुटला तर जॅकेट घालून जेवणाच्या खोलीत दाराजवळ बसा.

बोटी सोडायच्या की नाही हे बंदराचे अधिकारी ठरवतात, कंपनी नाही, आणि निर्णय कधी कधी निघायच्या दिवशी सकाळी येतो. म्हणून पैसे भरण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या: सहल सुरूच झाली नाही तर किती परत, आणि अर्ध्यातून माघारी बोलावलं तर किती? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक जण गोलमाल देतात. परतीच्या दिवशी हनोईत पोहोचायला दुपारचे अडीच-तीन होतात, रस्त्यात मोत्यांच्या दुकानात थांबवलं तर आणखी उशीर. त्या रात्रीचं विमान दहाच्या आधीचं घेऊ नका. जमलं तर दुसऱ्या दिवशीचं घ्या, म्हणजे सहल एक दिवस पुढे ढकलली गेली तरी तिकीट वाया जाणार नाही.