जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप घेतली आहे. मूळ रूप न बिघडवता काय काय बदलावं?

पैसा आधी चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि ब्रेकवर घाला, रंगाचं नंतर बघू. चासीचे आडवे मेंबर (आडव्या पट्ट्या) आणि पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, हँगर हातोडीने ठोकून तपासा. कोकणात फिरलेली गाडी असेल तर गंज हमखास सापडतो. प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन मात्र काढू नका. डिझेल सोडणारे पंप-नोझल नीट कॅलिब्रेट केले, म्हणजे जुळवून घेतले, की ते घाटात कुरकुर न करता चढतं. खरा फरक पुढच्या डिस्क ब्रेकने आणि पॉवर स्टिअरिंगने पडतो. चासी न कापता बसणारं किट घ्या, काढलेले मूळ भाग जपून ठेवा. इंजिन बदलायचंच असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी लागते. आणि छपरावर एलईडी दिव्यांचा बार? कृपा करून नको.