क्रोशाच्या खांबांमध्ये फटी राहतात, पिशवीसाठी घट्ट वीण कुठली शिकू? मुक्या खांबाने फार वेळ लागतो

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण माझ्या पहिल्या पिशवीचं अगदी हेच झालं होतं. साध्या खांबांची विणली, दिसायला मस्त, मंडईत गेले आणि घरी येईपर्यंत गवारीच्या निम्म्या शेंगा बाहेर डोकं काढून बसलेल्या. मिरच्या तर वाटेतच गळल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पिशवी विणलीस की चाळण?"

एक गोष्ट आधी सांगते, हात घट्ट ठेवून ही फट जात नाही. मी महिनाभर तेच करत होते, दोरा बोटावर आवळून आवळून बोट लाल, तरी फटी आहेतच. नुसती बारीक सुई घेऊन थोडा फरक पडतो पण कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. फट का पडते बघा, नावातच आहे ना, खांब. खांब खाली खालच्या ओळीला चिकटलेला आणि वर शेजारच्याला, मधे मात्र प्रत्येक जण सुटा उभा, म्हणजे मांडवाचे खांब असतात तसे. मुका खांब बुटका असतो म्हणून त्याच्यात मधे जागाच उरत नाही, पण मग एका खांबाच्या उंचीला मुक्याच्या जवळपास दोन ओळी घालाव्या लागतात, तिथेच तुमचा वेळ जातो.

तर मग करायचं काय, खांबाला शेजारचा खांब मधोमध बांधून टाकायचा. या विणीला लिंक्ड स्टिच म्हणतात, मराठीत कोणी ठरलेलं नाव घेताना मी ऐकलं नाही, मी आपली 'जोडखांब' म्हणते. उंची खांबाची आणि भरीवपणा मुक्याचा. मला शिकायला एक संध्याकाळ लागली, त्यातला एक तास फुकट गेला कारण मी काळी लोकर घेऊन बसले होते आणि ट्यूबलाइटखाली टाकाच दिसेना. तुम्ही ही चूक करू नका, फिक्या रंगाचा जाड सुती दोरा किंवा चार प्लायची लोकर घ्या आणि ३.५ किंवा ४ मिमीची सुई. रुखवताच्या रुमालांना वापरतात तो २० नंबरचा बारीक दोरा शिकताना अजिबात नको.

आता २२ साखळ्या घाला, यातून २० खांब मिळतील. नेहमीच्या खांबाला आपण आधी सुईवर दोऱ्याचा वेढा घेतो, तो वेढा इथे घ्यायचाच नाही, सगळी गंमत एवढ्यातच आहे. वेढ्याच्या ऐवजी सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घालून दोरा ओढून घ्या, सुईवर दोन टाके झाले. तिसरी साखळी सोडा, चौथीत सुई घाला, परत दोरा ओढा, आता तीन टाके. मग नेहमीसारखं, दोरा घेऊन दोनातून काढा, परत दोरा घेऊन उरलेल्या दोनातून काढा. झाला. सोडलेल्या तीन साखळ्या हा पहिला खांब आणि हा दुसरा.

पुढच्या खांबापासून खरी वीण सुरू होते. आत्ता जो खांब घातलात त्याच्या अंगाकडे नीट बघा, बरोबर मधे एक आडवा दोरा दिसेल, कमरेला करदोटा बांधल्यासारखा. त्या आडव्या दोऱ्याखालून सुई वरून खाली घाला, दोरा ओढून घ्या, मग पुढच्या साखळीत सुई घालून दोरा ओढा, तीन टाके, दोनातून, दोनातून. बास, ओळभर हेच करत राहायचं. ओळ संपली की काम उलटवून ३ साखळ्या, परत सुईपासून दुसऱ्या साखळीतून टाका उचला, खालचा पहिला खांब सोडून दुसऱ्या खांबाच्या डोक्यात सुई घाला. आणि ओळीतला शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या ३ साखळ्यांच्या टोकात घालायचा, हे विसरलात की पिशवी वर जाईल तशी निमुळती होणार. माझी वीण पाचव्या ओळीपर्यंत २० खांबांवरून १६ वर आली होती आणि मी आपली खूश की काय भराभर हात चाललाय!

चुका साधारण ठरलेल्या असतात. सुईवर तीनाऐवजी चार टाके दिसले तर समजा सवयीने वेढा घेतलात, वर्षानुवर्षांची सवय आहे, जाणार नाही लगेच, मी तर पहिल्या दोन ओळी मोठ्याने "वेढा नाही, वेढा नाही" म्हणत घातल्या. दुसरं म्हणजे आडवा दोरा मधला न घेता वरचा, डोक्याजवळचा उचलला जातो आणि खांब तिरके पडतात. आणि तिसरी चूक माझी स्वतःची आवडती, त्या आडव्या दोऱ्यातून टाका ओढताना फार आवळायचा, मग खांब उंच होतच नाही, मुक्याएवढाच राहतो आणि एवढा खटाटोप कशाला केला असं होतं. टाका खांबाच्या उंचीएवढा सैल वर ओढायचा, भरीवपणा जोडण्यातून येतो, आवळण्यातून नाही.

यूट्यूबवर बघणार असाल तर एक घोळ आधीच माहीत असू दे. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश डबल क्रोशे म्हणतात, तोच आपला मुका खांब. आणि आपला खांब म्हणजे अमेरिकन डबल आणि ब्रिटिश ट्रेबल. म्हणजे आपला जोडखांब एका व्हिडिओत लिंक्ड डबल आणि दुसऱ्यात लिंक्ड ट्रेबल नावाने दिसला तर वेडं व्हायचं नाही, वीण तीच, बाईचा देश वेगळा आहे.

हात बसला की उंच खांबालाही हेच चालतं. साध्या खांबाला एक वेढा म्हणून एक आडवा दोरा उचलतो, दुहेरी खांबाला दोन वेढे असतात म्हणून दोन आडवे दोरे उचलायचे, सुरुवातीला ४ साखळ्या, सुईवर चार टाके होतात आणि तीनदा दोनातून काढायचं. काम अजून भराभर सरकतं. पण आधी साधा जोडखांब पक्का करा.

सगळीकडे हीच वीण लावायची नाही बरं का. कापड आडवं फारसं ताणलं जात नाही, पिशवीला ते उत्तमच, बटव्याला, आसनाला, मोबाईलच्या कव्हरला पण छान, पण बाळाच्या टोपड्याला किंवा मोज्यांना मी घेणार नाही. आणि पिशवी गोल गोल विणू नका. गोलात शेवटचा खांब पहिल्या खांबाला मधे जोडला जात नाही, त्यामुळे तिथे एक उभी फट राहते आणि नेमकी त्यातूनच मिरची बाहेर येते. दोन सपाट चौकोन विणा आणि तीन बाजूंनी मुक्या खांबांनी जोडा. पट्टे मात्र मुक्या खांबाचे आणि लांबीच्या दिशेने, म्हणजे पट्ट्याच्या लांबीएवढी साखळी घालून तीनचार ओळी, नाहीतर दोन किलो कांदे घेतले की पट्टा गुडघ्यापर्यंत लोंबतो.

ही वीण नाहीच जमली तर एक मुका एक खांब असं आलटून पालटून घाला आणि पुढच्या ओळीत मुक्यावर खांब, खांबावर मुका. तेही बऱ्यापैकी भरीव होतं, वरून दाणेदार दिसतं, शिकायला पाच मिनिटं. ट्युनिशियन विणीचंही नाव ऐकाल, तीही भरीव असते पण तिला लांब सुई लागते आणि कडा गुंडाळत बसते, पहिल्याच पिशवीला तो उद्योग कशाला.

२० खांबांच्या ८-१० ओळी झाल्या की तुकडा उजेडासमोर धरून बघा, कुठे बोट आरपार जातंय का ते. आणि तो उसवू नका. माझा सुताचा होता, कडा वाकडी, एका बाजूला १६ खांब, तो अजून चहाच्या पातेल्याखाली घालते मी. तुमचा लोकरीचा असेल तर मात्र गरम भांड्याखाली ठेवू नका, आपल्याकडची बरीचशी लोकर ॲक्रिलिकची असते, ती वितळून ओट्याला चिकटेल.